पंगतीतली जागा

गाव सुटते, भाषा पातळ होते, पेहराव बदलतो. ताट मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या स्थलांतरितांच्या शहरांना हे नव्याने सांगायला नको. प्रश्न आहे तो त्या ताटावरच्या हक्काचा. समलिंगी मुलगा किंवा मुलगी स्थलांतरित घराच्या पंगतीत नेमकी कुठे बसते, याचा शोध जगभरच्या आणि आता मराठीतल्याही चित्रपटांनी घेतला आहे. त्या शोधाची ही मांडणी.

मराठी चित्रपटाला एखाद्या रानफळाचे नाव मिळावे आणि त्याने अमेरिकेतील प्रतिष्ठेच्या महोत्सवात बाजी मारावी, ही घटना २०२५ च्या प्रारंभी घडली. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा सनडान्स महोत्सवात पोहोचलेला पहिला मराठी कथापट ठरला आणि जागतिक कथापट विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिकही त्याने पटकावले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा आनंद आणि गावी शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातील प्रेमाची ही गोष्ट आहे.

साबर बोंडं म्हणजे फड्या निवडुंगाची लालचुटुक फळे. कोरडवाहू मुलखातल्या माळावर आणि बांधावर ती लागतात. फळावर बारीक काटे असतात आणि ते काढल्यावाचून फळ तोंडात घालता येत नाही. विशेष म्हणजे, अस्सल गावरान वाटणारे हे फळ मूळचे इथले नाहीच. हा निवडुंग अमेरिका खंडातून भारतात आला. मिरची, बटाटा आणि टोमॅटो यांचीही हीच कथा आहे. परदेशातून आलेले हे जिन्नस आज महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात इतके मुरले आहेत की त्यांना कुणी परके म्हणत नाही. घरातच जन्मलेल्या मुलाला मात्र केवळ त्याच्या प्रेमामुळे परके ठरवले जाऊ शकते. समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी अशा सर्वांसाठी हल्ली 'क्वीअर' हा एकच शब्द रूढ होत आहे. या क्वीअर मंडळींच्या स्थलांतराची कथा सांगताना दिग्दर्शक पुन्हा पुन्हा स्वयंपाकघराकडे का वळतात, हे समजून घ्यायचे तर आधी स्थलांतर आणि चूल यांचे नाते पाहावे लागते. त्यासाठी कल्याणच्या पलीकडे जाणारी लोकल पकडली तरी पुरे.

छावणीतली चूल

१९४७ च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध मात्र सगळाच पाकिस्तानात गेला. भारतात आलेल्या सिंधी हिंदूंना आपले म्हणावे असे राज्यच उरले नाही. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या लष्करी छावण्यांत लाखाच्या घरातील निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्त्यातला 'कॅम्प नंबर' मात्र आजतागायत गेलेला नाही.

सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. तोवर आणि त्यानंतरही, सिंध टिकून राहिला तो प्रामुख्याने चुलीवर. सकाळचे दाल-पकवान, कांदा घालून भाजलेली जाडसर कोकी, पालक आणि हरभऱ्याच्या डाळीची साई भाजी, भाज्या घातलेली आंबट कढी, होळीतली घीयर ही त्या सिंधची आज उरलेली ठिकाणे आहेत. थदडीच्या सणाला आदल्या दिवशी शिजवलेले गार अन्न खाल्ले जाते. आपल्याकडच्या शीतला सप्तमीची आठवण करून देणारी ही प्रथा सीमा ओलांडून जशीच्या तशी आली.

शेजारच्या अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहतीने देशाच्या अनेक प्रांतांतून कामगार आणले. बदलापूरला, मूळच्या आगरी घरांतील तांदळाच्या भाकरीच्या आणि सुक्या मासळीच्या शेजारी, गिरगाव-दादरच्या चाळींतून आणि गिरणगावातून आलेल्या कुटुंबांची स्वयंपाकघरे उभी राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत गेले आणि मध्य रेल्वेमार्गावरील दूरच्या स्थानकांभोवतीची वस्ती वाढत राहिली. या तीन शहरांत पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली घरे थोडी आणि कुठून तरी आलेली फार.

स्थलांतरिताच्या घरात स्वयंपाक हे संस्कृतीचे दप्तर असते. परंतु या दप्तराचा एक अलिखित नियम आहे. ते सासूकडून सुनेकडे जाते. चवीचे प्रमाण वहीत नसते, हाताच्या अंदाजात असते आणि तो अंदाज पुढच्या पिढीला देण्याचा रूढ मार्ग लग्नातून जातो. गावात राहणाऱ्या कुटुंबाला गाव सांभाळते. गाव सोडून आलेल्या कुटुंबाला मुलांचे लग्नच सांभाळील, अशी धारणा होते. म्हणूनच स्थलांतरित घरात लग्नाला नकार देणारा मुलगा केवळ आईवडिलांची इच्छा मोडत नाही. इतक्या कष्टाने जपून आणलेले सारे काही आपल्यापाशी संपवतो, असे त्याच्यावर आरोपपत्र ठेवले जाते. अन्नाभोवती फिरणाऱ्या क्वीअर चित्रपटांचा गाभा हे आरोपपत्र आहे.

खोटे लग्न, खरी मेजवानी

तैवानचे दिग्दर्शक आंग ली यांच्या 'द वेडिंग बँक्वेट' या १९९३ च्या चित्रपटात हे आरोपपत्र विनोदाच्या अंगाने येते. न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेला वाय-तुंग हा तैवानी तरुण सायमन या अमेरिकी जोडीदाराबरोबर राहतो. तैवानमधील आईवडिलांचा लग्नाचा लकडा थांबावा म्हणून तो वेई-वेई या भाडेकरू चित्रकर्तीशी लुटुपुटूचे लग्न ठरवतो. तिला राहण्याचा परवाना हवा असतो, त्याला निवांतपणा. परंतु आईवडील थेट न्यूयॉर्कमध्येच येऊन थडकतात.

सुनेला स्वयंपाक येत नाही. स्वयंपाक सायमन करतो आणि कौतुक सुनेच्या पदरात पडते. प्रेक्षक हसतो, पण त्या हसण्याखाली एक बोचणी राहते. घर खऱ्या अर्थाने चालवणारी व्यक्ती पंगतीत पाहुणी म्हणून बसते आणि नावापुरती आलेली व्यक्ती मानाच्या पाटावर. पुढे वडिलांच्या जुन्या हाताखालच्या माणसाच्या उपाहारगृहात दणदणीत मेजवानी होते. परक्या शहरात वडिलांना त्यांची गेलेली प्रतिष्ठा एका रात्रीपुरती परत मिळते, तीही अन्नाच्याच रूपाने. शेवटी कळते की वडिलांना सारे आधीपासून ठाऊक होते. ते सायमनला पैशाचे लाल पाकीट देऊन मूकपणे घरचा माणूस मानतात, पण ही गोष्ट दोघांतच ठेवायला सांगतात. नातवंडाची आशा सुटू नये म्हणून स्वीकारही गुपित राहतो. बर्लिन महोत्सवात सर्वोच्च सन्मानात वाटेकरी झालेल्या या चित्रपटाची नवी आवृत्ती २०२५ मध्ये अँड्र्यू आन यांनी केली. बत्तीस वर्षांनंतरही विषय शिळा झालेला नाही, याचीच ती खूण.

चुलीपाशी भेटलेल्या दोघी

भारतीय वंशाच्या दिग्दर्शिकांनी हाच प्रश्न स्त्रियांच्या बाजूने मांडला. अमृतसरला जन्मलेल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या दीपा मेहता यांच्या 'फायर' (१९९६) या चित्रपटातील राधा आणि सीता या जावा दिल्लीतील एका घरात कुटुंबाच्या खाद्यपदार्थांच्या दुकानासाठी राबतात. नवऱ्यांची उपेक्षा दोघींच्या वाट्याला सारखीच येते. ज्या स्वयंपाकघरात त्यांना बांधून ठेवले आहे तिथेच त्या एकमेकींना सापडतात. हा चित्रपट १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात लागला आणि डिसेंबरच्या प्रारंभी शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड केली. पुन्हा परीक्षण मंडळाकडे गेलेला चित्रपट १९९९ मध्ये कोणत्याही कात्रीविना पुन्हा प्रदर्शित झाला. विरोधकांचा मुख्य आक्षेप होता की असे संबंध आपल्या संस्कृतीत नाहीत. प्रत्यक्षात विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्येच मराठी रंगभूमीवर येऊन गेले होते.

नीशा गणात्रा यांच्या 'चटनी पॉपकॉर्न' (१९९९) मध्ये न्यूयॉर्कमधील पंजाबी घरातली मेंदी काढणारी रीना आपल्या बहिणीसाठी मूल वाढवायला तयार होते. तिच्या आईची भूमिका केली आहे ती मधुर जाफरी यांनी. ज्यांच्या पुस्तकांतून पाश्चात्त्य जगाने भारतीय स्वयंपाक शिकला, त्यांनीच पडद्यावर मुलीचे प्रेम गळी उतरवताना अडखळणारी आई उभी करावी, हा योग अर्थपूर्ण आहे.

नैरोबीत जन्मलेल्या ब्रिटिश दिग्दर्शिका प्रतिभा परमार यांच्या 'नीनाज हेवनली डिलाइट्स' (२००६) मधील नीना घरच्यांशी बिनसल्याने ग्लासगो सोडून गेलेली असते. वडिलांच्या निधनानंतर ती परतते तेव्हा त्यांच्या उपाहारगृहाचा निम्मा हिस्सा लिसा या स्कॉटिश तरुणीकडे गेलेला असतो. दोघी मिळून पाककलेच्या स्पर्धेत उतरतात आणि प्रेमात पडतात. इथे हात शिकवला आहे तो वडिलांनी मुलीला. पुढे त्या वारशात भागीदार होते ती दुसऱ्या वंशाची, दुसऱ्या भाषेची मुलगी. सासू-सुनेची साखळी दोन ठिकाणी तुटते आणि तरीही चव मरत नाही.

अर्थात, या चित्रपटांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. फोडणीचा धूर आणि मसाल्यांचे रंग यांची मोहिनी पाश्चात्त्य प्रेक्षकावर टाकून काही दिग्दर्शक कठीण प्रश्न गोड करून टाकतात. ब्रिटनमधील 'इंडियन' म्हणवणाऱ्या उपाहारगृहांपैकी बहुसंख्य आजच्या बांगलादेशातील सिल्हेटहून आलेल्यांनी चालवली आहेत; तिथल्या ताटात जे वाढले जाते ते मालकाच्या घरी शिजतेच असे नाही. विकण्याचे अन्न आणि घरचे अन्न यांत अंतर असते, तसेच जगाला दाखवायची संस्कृती आणि उंबऱ्याच्या आतली संस्कृती यांतही. पडद्यावर प्रश्न पाच पदार्थांत सुटतो. घरात तो पंचवीस वर्षे रेंगाळू शकतो.

सुतकातले दहा दिवस

'साबर बोंडं' हा मोह टाळतो. वडिलांच्या मृत्यूनंतर आनंद आईबरोबर दहा दिवसांसाठी गावी येतो. कानवडे यांनी स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतरच्या अनुभवातून ही कथा रचली. सुतकाचे नियम खाण्यापिण्यापासून पायातल्या वहाणेपर्यंत सगळ्याला लागू असतात. याच दहा दिवसांत जमलेले आप्त लग्नाचा विषय काढत राहतात. वडील गेले, आता सून आण, हा त्यांचा सूर. महाराष्ट्रातील कुठल्याही घरात हा संवाद अपरिचित नाही. मृतासाठी पान वाढायचे ते मुलाने आणि त्या मुलासाठी पुढे कुणी, या प्रश्नातच लग्नाचा आग्रह दडलेला असतो.

इथे स्थलांतर परदेशीचे नाही, गावाकडून मुंबईकडे झालेले आहे. शहरातल्या गर्दीने आनंदला आडोसा दिला आहे, पण आपुलकीचे माणूस दिलेले नाही. गावात आपुलकीचे माणूस आहे, पण आडोसा नाही. अशा वेळी बाळ्या त्याला लहानपणी आवडणारी साबर बोंडं आणून देतो. कुणाला संशय येऊ नये असे हे बोलणे आहे. मित्राने मित्राला रानमेवा द्यावा, यात जगाला काहीच वावगे दिसत नाही. जे शब्दांत मांडायला जागा नाही ते अन्नातून मांडता येते, हे या चित्रपटाने मराठी मातीत सिद्ध केले. मुलाचे सत्य ठाऊक असूनही त्याच्या बाजूने उभी राहणारी आई ही या कथेची दुसरी मिळकत. अल्पशिक्षित, गावाकडून आलेले आईबाप हे समजूच शकणार नाहीत, या सुशिक्षितांच्या समजाला तिथे छेद जातो.

सचिन कुंडलकर यांनी हे दोन धागे दोन निरनिराळ्या चित्रपटांत विणले आहेत. २००६ मधील त्यांच्या मराठी कादंबरीवर आधारित 'कोबाल्ट ब्लू' (२०२२) हा चित्रपट कोचीत राहणाऱ्या मराठी कुटुंबात घडतो आणि घरी राहायला आलेल्या पाहुण्यावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करून बसतात. 'गुलाबजाम' (२०१८) मध्ये क्वीअर कथानक नाही. पण लंडनची नोकरी सोडून पुण्यात डबे करणाऱ्या राधाकडे मराठी स्वयंपाक शिकायला आलेला आदित्य आहे. पाककृतीचा वारसा रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याविनाही पुढे जातो, हे या दुसऱ्या चित्रपटाचे सांगणे पहिल्याच्या प्रश्नाला नकळत उत्तर देऊन जाते. गिरणगावातल्या खानावळींनी तरी वेगळे काय केले होते? बायकामुले गावी ठेवून आलेल्या हजारो कामगारांना गावची चव मिळाली ती नात्यात नसलेल्या बायकांच्या हातची. त्याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

पंक्तिभेद जातो कुठे?

पंगत म्हटली की महाराष्ट्राला पंक्तिभेद हा शब्दही आठवतो. अन्न जोडते हे खरे. पण कुणाला कुठे बसवायचे आणि कुणाला कुठल्या भांड्यात द्यायचे, हे ठरवून ते तोडतेही. नीरज घेवान यांच्या 'गीली पुच्ची' (२०२१) या लघुकथापटात कारखान्यात काम करणारी दलित भारती आणि तिथेच नोकरीला लागलेली ब्राह्मण प्रिया एकमेकींकडे ओढल्या जातात. भारतीची जात कळताच ती ओढ आटते. अखेरीस प्रियाच्या सासरी भारतीला चहा मिळतो तो इतरांच्या कपांपेक्षा वेगळ्या, स्टीलच्या भांड्यात. दोघी समलिंगी असल्याने जातीची भिंत पडत नाही. 'आमच्या घरचे जेवण' या शब्दांत जसा जिव्हाळा असतो तसे कुंपणही असते. मुलाच्या जोडीदाराला पंगतीत घेताना तो पुरुष आहे यावर अडणारे घर, तो आपल्यातला नाही यावरही अडू शकते.

एक चूल, एक घर

पडद्यावरची ही चर्चा आता सरकारी कागदावरही येऊन ठेपली आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला आणि अशा जोडप्यांच्या अडचणींचा विचार करण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीचा मार्ग पुढे आला. एप्रिल २०२४ मध्ये ही समिती नेमली गेली. त्यानंतर केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवले की, शिधापत्रिकेसाठी क्वीअर जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे. संयुक्त बँक खाते उघडण्यास अडसर नसल्याचा खुलासाही त्याच सुमारास झाला. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असे आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवले.

ही सूचना आहे, विवाहाचा हक्क नव्हे. ती शिधावाटप कार्यालयाच्या खिडकीपर्यंत पोहोचणे आणि त्या खिडकीशी दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी मान वर करून उभे राहणे, या दोन्ही गोष्टी सोप्या नाहीत. तरीही तिचे मोल छावणीतून उभ्या राहिलेल्या शहराला समजण्यासारखे आहे. निर्वासिताचे नाव नव्या देशाच्या दप्तरात आधी चढले ते शिध्याच्या यादीत. शिधापत्रिका हा दीर्घकाळ इथल्या रहिवाशाच्या ओळखीचा पहिला पुरावा राहिला आहे.

आणखी एका सरकारी दप्तरात या साऱ्या वादाचे उत्तर फार आधीपासून लिहिलेले आहे. भारताच्या जनगणनेत कुटुंब म्हणजे सर्वसाधारणपणे एकत्र राहणाऱ्या आणि सामाईक स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्तींचा समूह. त्या व्यक्ती नात्याच्या असू शकतात, बिननात्याच्या असू शकतात किंवा दोन्ही. दारावर येणारा प्रगणक घरातल्यांची परस्परांशी नाती विचारतो, परंतु घर मोजतो ते चुलीवरून. न्यूयॉर्कमधल्या सायमनचा स्वयंपाक, ग्लासगोमधल्या दोघींची भागीदारी आणि बाळ्याच्या ओंजळीतली साबर बोंडं हेच तर सांगतात. सिंध गमावलेल्या शहराने, गिरणी गमावलेल्या कुटुंबांनी नव्या जागी घर उभे केले ते आधी चूल मांडून. त्यांच्याच पोटच्या मुलाने वा मुलीने आपल्या माणसासह त्या चुलीपाशी बसायचे ठरवले, तर पान मांडायचे की नाही, हे आता त्या त्या घराने ठरवायचे आहे.